लेखिका बालवाडीत येते तेव्हा : एका चित्रपुस्तकाच्या सादरीकरणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर शहरालगतच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेला जोडून असलेल्या बालवाडीत हे प्रकरण घडले. शाळा, लेखिका आणि प्रकाशनसंस्था यांची नावे येथे दिलेली नाहीत, आणि ओळख पटू नये म्हणून पुस्तकातील काही तपशीलही बदलले आहेत. बालवाडीत खेळगट, छोटा गट आणि मोठा गट असे तीन वर्ग असून तीन ते साडेपाच वर्षांची सुमारे ७० मुले तेथे येतात. वस्ती यंत्रमागावर आणि विडी वळण्याच्या कामावर पोट असलेल्या कुटुंबांची आहे. अनेक घरांत मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, आणि काही मुले मराठी ऐकतात ती मुख्यतः शाळेतच.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. या शाळेतही तो दरवर्षी होत असे, परंतु त्यात बालवाडीला स्थान नव्हते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकत्र धरून त्याला पायाभूत स्तर म्हटल्यापासून बालवाडीकडे ‘मुलांना सांभाळण्याची जागा’ म्हणून पाहणे शाळेला अवघड झाले होते. त्यामुळे मुख्याध्यापिकांनी या वर्षी बालवाडीसाठी स्वतंत्र कार्यक्रम ठरवला आणि नुकतेच पहिले चित्रपुस्तक प्रसिद्ध झालेल्या एका लेखिकेला निमंत्रण दिले. मी बालवाडी शिक्षिकांसाठी वाचनाच्या कार्यशाळा घेते. शाळा, प्रकाशक आणि लेखिका या तिघांच्या ओळखीची असल्यामुळे समन्वयाचे काम माझ्याकडे आले.

लेखिका मुलांसाठी नवख्या नव्हत्या. कुमारवयीन वाचकांसाठी त्यांचे बरेच लेखन आहे आणि चौथी ते सातवीच्या वर्गांत त्या सहज बोलतात. तेथे मुले ‘तुम्हाला गोष्ट कशी सुचली?’ असे विचारतात, लेखक उत्तर देतो आणि तास रंगतो. बालवाडीत मात्र त्या प्रथमच जाणार होत्या.

पुस्तक

अडचण समजण्यासाठी पुस्तकाची रचना थोडी सांगावी लागेल. साडेआठ इंच चौरस आकाराचे, मधोमध पिना मारलेले, २४ पानांचे हे पुस्तक आहे. एक आजी आठवडी बाजाराला जाते. प्रत्येक जोडपानावर ती एका पालापुढे उभी राहते, भाव करते, घेतलेली वस्तू खांद्यावरच्या पिशवीत टाकते आणि आतापर्यंत काय काय घेतले ते मोजते: मेथी घेतली, शेंगा घेतल्या, केळी घेतली. शब्द एवढेच सांगतात. चित्रात मात्र आजीच्या मागून एक करडू चालते आहे आणि पिशवीत पडणारी प्रत्येक वस्तू ते फस्त करते आहे. करडाचा उल्लेख मजकुरात शेवटपर्यंत येत नाही. घरी आल्यावर आजी पिशवी उलटी करते तेव्हा त्यातून काहीच पडत नाही, आणि अखेरच्या पानावर करडू टम्म पोटाने उंबऱ्यात झोपलेले दिसते.

पुस्तकाची सगळी गंमत शब्द आणि चित्र यांच्यातील या अंतरात आहे. वाचणारा मोठा माणूस आजीच्या बाजूला असतो आणि पाहणारे मूल करडाच्या. पण चित्रांत ते करडू दीड इंचाच्या आसपास आहे. आजीला ते दिसत नाही हे पटण्यासाठी चित्रकर्तीने ते मुद्दामच लहान आणि कोपऱ्यात ठेवले होते.

अडचण

शाळेने आखलेला कार्यक्रम असा होता: सकाळी साडेदहाला सभागृहात तिन्ही गट सतरंजीवर, मागे खुर्च्यांवर पालक, व्यासपीठावर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, लेखिकेचा परिचय, मग ध्वनिक्षेपकावरून पुस्तकाचे वाचन, शिक्षिकेने घेतलेली छोटी मुलाखत आणि शेवटी पुस्तकविक्री. एकूण दीड तास. कोणाच्याही मनात वावगे नव्हते. पाहुण्याचा मान राखण्याची आपल्याकडची हीच रीत आहे. प्रकाशकाला आपल्या समाजमाध्यमांसाठी चित्रफीत हवी होती आणि काही प्रती विकल्या जाव्यात अशी त्याची अपेक्षा होती. लेखिकेला आपला मजकूर आपल्या आवाजात मुलांपर्यंत पोहोचवायचा होता.

या आराखड्याची अडचण पहिल्या बैठकीत ‘मुले दीड तास बसतील का?’ अशा शब्दांत मांडली गेली. ती खरी असली तरी वरवरची होती. खरी अडचण अशी होती की ‘लेखक आपल्या भेटीला’ ही कल्पनाच मुळात मोठ्यांची आहे. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पुस्तक हे पेरूसारखे असते. ते कोणीतरी तयार केले आहे हा विचार त्याला शिवलेला नसतो, आणि म्हणून ते तयार करणाऱ्या व्यक्तीला भेटण्याचे अप्रूपही त्याला नसते. मान, परिचय, मुलाखत, विक्री हे सारे मोठ्यांनी मोठ्यांसाठी योजलेले होते, आणि त्यासाठी मुलांना प्रेक्षक म्हणून समोर बसवले जाणार होते. त्यात ते दीड इंचाचे करडू तिसऱ्या रांगेपलीकडे दिसणार नव्हते. ज्या पुस्तकात मजकूर मुद्दाम अपुरा ठेवला आहे ते केवळ ऐकवले तर उरते ती एका आजीची खरेदीची यादी.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय शाळेनेच सुचवला: प्रकाशकाकडून पानांच्या फाइल घ्याव्यात आणि प्रोजेक्टरने पडद्यावर दाखवाव्यात. सत्तर मुलांना एकाच वेळी चित्र दिसण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. पण सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नव्हते, आणि साडेदहाच्या उन्हात पडद्यावरची चित्रे फिकी पडली असती. शिवाय पडदा आला की पुस्तक हातातून जाते. पान उलटण्यापूर्वीचा क्षणभराचा थांबा पडद्यावर उरत नाही, आणि या पुस्तकात करडू पुढच्या वस्तूकडे सरकते ते नेमके त्या उलटण्यात. या मुलांना पडदा नवा नव्हता, हातात धरायचे पुस्तक नवे होते. म्हणून हा पर्याय सोडला.

दुसरा पर्याय लेखिकेचा होता आणि तो मला अजूनही मोहक वाटतो. कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत सुटी चित्रे एकामागून एक समोर धरून, गाण्याच्या आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा सांगितल्या जातात. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाल्यापासून तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले आहे. जपानमधील कामिशिबाई याच जातीची आहे. तिच्यात चित्राच्या पाठीवर मजकूर लिहिलेला असतो, त्यामुळे सांगणाऱ्याचे तोंड श्रोत्यांकडे राहते. जोडपाने बारा बाय अठरा इंचाच्या जाड कागदावर छापून घ्यावीत आणि या पद्धतीने सादर करावीत, असा लेखिकेचा विचार होता. त्यासाठी चित्रकर्तीची संमती लागणार होती, कारण चित्रे तिची होती आणि मोठ्या आकारात ती कशी दिसतील हे ठरवण्याचा अधिकारही तिचाच. संमती मिळाली असती. तरीही आम्ही हा पर्याय बाजूला ठेवला. सुटी चित्रे पाहून मुले खूश झाली असती, पण नंतर वर्गात राहणारे पुस्तक त्यांना वेगळीच वस्तू वाटले असते, आणि पुस्तक उघडावेसे वाटणे हाच या भेटीचा उद्देश होता.

तिसरा पर्याय थोडा अपमानास्पद वाटण्याजोगा होता: वाचन वर्गशिक्षिकेने करावे आणि लेखिकेने मुलांमध्ये बसून ऐकावे. लहान मुलांच्या दृष्टीने तो सर्वांत निर्धोक होता, कारण आवाज ओळखीचा, चेहरा ओळखीचा. मुख्याध्यापिकांना तो पटेना. पाहुण्यांना बोलावून वाचायला आपलीच शिक्षिका उभी करायची, हे पालकांना कसे सांगणार? लेखिकाही नाराज होत्या. हा पर्याय चर्चेतच मागे पडला. खेळगटाबाबत त्याचा अधिक गांभीर्याने विचार व्हायला हवा होता, हे पुढे दिसेल.

चौथा पर्याय निवडला गेला. तिन्ही गटांसाठी त्यांच्या-त्यांच्या वर्गात तीन स्वतंत्र सत्रे, प्रत्येकी वीस मिनिटांच्या आत, ध्वनिक्षेपक नाही, पालक नाहीत. मान-सन्मान, परिचय आणि मुलाखत रद्द न करता मुलांच्या डब्याच्या सुट्टीनंतर, फक्त पालकांसाठी, सभागृहात. मोठ्यांचा कार्यक्रम मोठ्यांसाठी ठेवला जाणार म्हटल्यावर मुख्याध्यापिकांचा विरोध मावळला. किंबहुना पालकांशी निवांत बोलता येईल, हे त्यांनीच पुढे इतरांना पटवून दिले.

तयारी

तयारीतला सर्वांत उपयोगी भाग अगदी शारीरिक होता. लेखिकेने पुस्तक हातात धरले की नजर मजकुरावर जाई आणि पुस्तक नकळत स्वतःकडे झुके. मी मुलांच्या उंचीवर जमिनीवर बसून मोबाइलने छायाचित्रे काढली आणि त्यांना दाखवली. एका छायाचित्रात पानाऐवजी छताच्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टाच दिसत होता, कारण आर्ट पेपर चमकतो. दुसऱ्यात पान उलटणारा हात नेमका करडावर होता. त्यानंतर मजकूर पाठ करायचा, पुस्तक खालून मधोमध धरून एका बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवायचे आणि पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचे, असे ठरले. खिडकी मुलांच्या पाठीशी असावी, लेखिकेने खुर्चीऐवजी बुटक्या चौरंगावर बसावे आणि सतरंज्या अर्धगोलात टाकाव्यात, हेही ठरले. सहा फुटांपलीकडून करडू दिसत नाही असे आढळल्याने मोठ्या गटातील २८ मुलांना दोन ओळींतच बसवायचे होते: पुढची जमिनीवर, मागची बाकांवर.

दुसरा प्रश्न मुलांना प्रश्न विचारण्याचा होता. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानंतर संवादी वाचनाची पद्धत बालशिक्षणात रुळली. मोठ्या माणसाने विचारावे, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत मुलाला द्यावे आणि हळूहळू सांगण्याचे काम मुलाकडे सोपवावे, असा तिचा गाभा आहे. आपल्या वर्गांत मात्र तिचे रूपांतर फार लवकर प्रश्नोत्तरांच्या तासात होते. ‘कळलं का?’ आणि त्यावर सगळ्यांचा सुरातला ‘होऽऽ’, हे ज्याने बालवाडीत अर्धा तास काढला आहे त्याला सांगायला नको. म्हणून हो-नाहीचा एकही प्रश्न विचारायचा नाही आणि करडाकडे बोट दाखवायचे नाही, असे दोन नियम ठेवले. दुसरा नियम पाळणे लेखिकेला जड जाणार होते. कोणालाच करडू दिसले नाही तर काय, ही त्यांची धास्ती शेवटपर्यंत होती. मी त्यांना एवढेच सांगितले की शेवटच्या पानावर ते दिसेलच, आणि मग मुले पुस्तक उलटे चाळतील.

तिसरा निर्णय पुस्तक आधी वर्गात द्यावे की नाही, हा होता. शिक्षिका गोष्ट आधी शिकवून, मुलांकडून उत्तरे पक्की करून घेण्याच्या बेतात होत्या. पाहुण्यांसमोर वर्ग चमकावा ही इच्छा स्वाभाविक आहे, पण त्यात करडाचा शोध मुलांच्या हातून गेला असता. पुस्तक कोणत्याच गटाला आधी न दाखवण्याचे ठरले.

मोठा गट

लेखिका वर्गात आल्या तेव्हा सर्व मुले हाताची घडी, तोंडावर बोट अशी बसलेली होती. लेखिकेने शिक्षिकेला हळूच विचारले, ‘बाई, तोंडावरचं बोट काढलं तर चालेल का?’ आणि चौरंगावर बसून, परिचय न देता, पहिले पान उघडले.

दोन जोडपानांपर्यंत शांतता होती. तिसऱ्यावर आजी शेंगांचा भाव करते. तेथे मागच्या बाकावरची एक मुलगी अर्धवट उभी राहून ओरडली, ‘ओ आजी, मागं बघा की!’ क्षणात पाच-सहा मुले पुढे सरकली, करडू कुठे आहे ते एकमेकांना दाखवू लागली आणि वर्ग आजीला सावध करण्यासाठी ओरडू लागला. शिक्षिका मुलांना गप्प करायला उठल्या. सत्राचा सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच होता. लेखिकेपुढे तीन वाटा होत्या: थांबून मुलांचे कौतुक करणे, आवाज चढवून मजकूर पुढे नेणे, किंवा करडाबद्दल विचारणे. त्यांनी यांपैकी काहीच केले नाही. आजीच्याच आवाजात त्या वैतागून म्हणाल्या, ‘काय कालवा लावलाय रे पोरांनो? भाव तरी विचारू द्या की मला!’

हे वाक्य पुस्तकात नाही. पण त्या वाक्याने मुले गोष्टीत आली. आता ओरडणे हा बेशिस्तपणा राहिला नाही, तो गोष्टीचाच भाग झाला. पुढच्या प्रत्येक पानावर मुले आजीला हाक मारत आणि आजी कालव्याची तक्रार करी. शिक्षिकेने वाचले असते तर छापील मजकुरात असा बदल करण्याचा धीर तिला बहुधा झाला नसता. लेखक स्वतः वाचतो तेव्हा त्याच्यापाशी असलेली एक मोकळीक येथे कामी आली, आणि तिचा परिचयाशी किंवा शाल-श्रीफळाशी काही संबंध नव्हता.

वाचन संपल्यावर लेखिकेने पुस्तक मिटले, मुखपृष्ठावरची दोन नावे बोटाने दाखवली आणि पहिले नाव आपले आहे असे सांगितले. त्यावर झालेले संभाषण मी तेथेच टिपून घेतले होते.

‘हे चित्र तुम्ही काढलंय?’
‘नाही, ती दुसऱ्या ताईंनी काढलीत. त्यांचं नाव हे खालचं.’
‘मग तुम्ही काय केलं?’

शिक्षिकेच्या चेहऱ्यावर अवघडलेपण उमटले. लेखिका थोडा वेळ थांबून म्हणाल्या, ‘करडानं काय काय खायचं, ते मी ठरवलं.’

पाच वर्षांच्या मुलाला लेखक म्हणजे कोण हे सांगण्याचा याहून नेमका प्रयत्न मी ऐकलेला नाही. उत्तर समजल्याचा पुरावा लगेच मिळाला. ‘मग चप्पल का नाही खायला दिली?’ एका मुलाने विचारले, आणि करडाने आणखी काय खावे याच्या सूचनांचा पाऊस पडला. त्या वेळी लेखिकेने ठरलेला कार्यक्रम सोडून एक गोष्ट केली. फळ्याशेजारचा लांब कागद जमिनीवर पसरून त्या प्रत्येक मुलाचे वाक्य त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहीत गेल्या आणि लिहिलेले बोट फिरवून परत वाचून दाखवत गेल्या. ‘करडानं आजीचा चष्मा खाल्ला.’ ‘करडानं सरांचा डबा खाल्ला.’ एका मुलाने आपले वाक्य ऐकून ‘परत वाचा’ म्हटले, मग जवळ येऊन ‘यात चष्मा कुठाय?’ असे विचारले. आपण बोललो ते कागदावर उतरते आणि तेथून पुन्हा तसेच बाहेर येते, हे त्या मुलांनी पाहिले. सत्र वीसऐवजी पस्तीस मिनिटे चालले आणि कोणी उठले नाही.

छोटा गट आणि खेळगट

छोट्या गटात साधारण तेच घडले, थोड्या कमी आवाजात. नोंदवण्याजोगे एवढेच की घरी तेलुगू बोलणारा आणि वर्गात सहसा गप्प राहणारा एक मुलगा ‘मेका, मेका’ (तेलुगूत शेळी) म्हणत थेट पुस्तकापर्यंत आला आणि लेखिकेने त्याला ‘हो, मेका’ म्हणून पुढचे पान उलटायला दिले.

खेळगटात मात्र सत्र फसले. शाळा सुरू होऊन चार महिने झाले असले तरी तीन वर्षांच्या काही मुलांचे रडे नुकतेच थांबले होते. अनोळखी व्यक्ती, अर्धगोलात बसण्याची नवी शिस्त आणि आजीचा खणखणीत आवाज हे सारे एकदम आले. दुसऱ्या जोडपानावर एक मूल रडू लागले, त्याचे पाहून दुसरे, आणि दोघे दाराकडे निघाले. लेखिकेने आवाज खाली आणून पुढचे पान वाचले, पण ऐकणारे उरले नव्हते. गोष्ट पूर्ण करावी की सोडावी, असा प्रश्न होता. शिक्षिकेला अपुरी गोष्ट पाहुण्यांचा अवमान वाटत होती. त्या मुलांना गोळा करून पुन्हा बसवू लागल्या. लेखिकेने पुस्तक उघडेच सतरंजीवर ठेवले, आणखी दोन प्रती शेजारी टाकल्या आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्या.

त्यानंतर जे झाले ते मावशींमुळे झाले. वर्गातल्या मदतनीस मावशी रडणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसल्या आणि समोर पडलेल्या पुस्तकातल्या भाज्यांवर बोट ठेवत, ‘हे काय रं? वांगं का?’ असे सुरू केले. तीन मुले जवळ सरकली. एक मुलगा दुसरी प्रत शेवटाकडून पुढे उलटत राहिला. पिशवीत परत येणाऱ्या भाज्या त्याला खटकल्या नसाव्यात. करडू कोणी पाहिले की नाही, हे सांगता येणार नाही.

पालकांसमोर

सभागृहातील कार्यक्रम रीतसर झाला. सर्वांत अडचणीचा प्रश्न एका वडिलांनी विचारला: करडू सगळे चोरून खाते आणि त्याला शिक्षा होत नाही, मग मुलांनी यातून काय बोध घ्यायचा? सभागृहात काही माना हलल्या. लेखिकेने तात्पर्य शोधून काढण्याचा मोह टाळला. त्यांनी मोठ्या गटाने लिहवलेला कागद वाचून दाखवला आणि विचारले की यांतले कोणते वाक्य तुमच्या मुलाचे असेल. पालक हसले, पण त्या वडिलांचे समाधान झाले नाही, आणि ते व्हायलाच हवे होते असेही मला वाटत नाही. बालसाहित्याकडून बोधाची अपेक्षा आपल्याकडे खोलवर आहे, आणि ती एका सकाळीत हलत नाही.

विक्री आणि चित्रीकरण यांबाबतचे निर्णय आधीच घेतले होते. वर्गात पुस्तक विकायचे नाही आणि मुलांच्या हाती मागणीपत्रक द्यायचे नाही, कारण तीन वर्षांच्या मुलाकरवी पालकांच्या खिशाला हात घालणे शाळेलाही मान्य नव्हते. पुस्तकांचे टेबल सभागृहाच्या दाराशी होते. मुलांच्या चित्रीकरणासाठी पालकांची लेखी संमती घेतलेली नसल्यामुळे चित्रफितीत फक्त लेखिका, पुस्तक आणि पान उलटणारे हात आले. प्रकाशक यावर खूश नव्हता. प्रतीही त्याच्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी गेल्या.

परिणाम

शाळेला मिळालेल्या पाच प्रती प्रथम मुख्याध्यापिकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात गेल्या. नव्या पुस्तकांचे आपल्या शाळांत हेच होते. शिक्षिकांनी मागणी केल्यावर त्या वर्गात आल्या आणि खिडकीजवळ ताणलेल्या दोरीवर टांगल्या गेल्या. मी पुढे भेट दिली तेव्हा दोन प्रतींच्या पिना निघाल्या होत्या आणि शेंगांचे पान चिकटपट्टीने जोडलेले होते. पुस्तक वापरात असल्याची याहून चांगली खूण नाही.

मोठ्या गटाच्या शिक्षिकेची मात्र तक्रार होती. ती पुस्तक वाचू लागली की मुले अडवत: ‘बाई, असं नाही. कालवा म्हणा!’ छापील पानावर ते वाक्य नव्हते, आणि मुलांना ते असल्याची खात्री होती. शेवटी शिक्षिकेने ते पेन्सिलीने शेंगांच्या पानाच्या तळाशी लिहून टाकले. दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य घ्यावे का, असे प्रकाशकाने लेखिकेला विचारले. त्यांनी नकार दिला. मुले ओरडली नाहीत तर आजीने तक्रार कशाची करायची, असे त्यांचे म्हणणे होते.

खेळगटात दिवाळीच्या सुट्टीनंतर शिक्षिकेने आणि मावशींनी तेच पुस्तक तीन-तीन, चार-चार मुलांना घेऊन पुन्हा-पुन्हा दाखवले. तेव्हा करडू सापडले.

पुन्हा करायचे झाल्यास

मुख्य बदल पुस्तक आणि लेखिका यांच्या क्रमाचा असेल. मोठ्या गटासाठी दोन्ही एकदम येणे योग्यच ठरले, कारण शोधाचा आनंद ती मुले सर्वांसमोर घेऊ शकत होती. खेळगटाला तोच निर्णय लावणे चुकीचे होते. तीन वर्षांच्या मुलासाठी एका वेळी एकच गोष्ट नवी असावी. पुस्तक आधी आठवडाभर वर्गात, ओळखीच्या आवाजात फिरले असते, तर अनोळखी बाई ओळखीचे करडू घेऊन आल्या असत्या. किंवा तिसरा पर्याय फक्त या गटासाठी स्वीकारून वाचन शिक्षिकेकडे आणि लेखिका श्रोत्यांत, असेही करता आले असते. तो नाकारताना आम्ही विचार केला तो पाहुण्यांच्या मानाचा, मुलांच्या वयाचा नव्हे.

दुसरा बदल लिहवून घेण्याच्या कृतीबाबत आहे. ती ऐनवेळी सुचली आणि सत्राचा सर्वांत सकस भाग ठरली. पुढच्या वेळी ती आराखड्यातच असावी, पण तिच्यासाठी वाचन आटोपशीर ठेवावे लागेल आणि एका वेळी दहा-बाराच मुले असावी लागतील. त्या दिवशी ज्यांचे वाक्य लिहायचे राहिले ती मुले शेवटपर्यंत कागदाभोवती घुटमळत होती.

ही आखणी अंगणवाडीत जशीच्या तशी चालणार नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले बहुधा एकाच खोलीत, एका सेविकेच्या आणि एका मदतनीसेच्या हाताखाली असतात. पोषण आहाराची वेळ चुकवता येत नाही. तेथे वयानुसार वर्ग करण्याऐवजी अर्धी मुले मदतनीसांबरोबर अंगणात खेळत असताना उरलेल्यांना वाचून दाखवणे आणि मग अदलाबदल करणे, हे शक्य आहे. आतल्या गोष्टीचा कालवा बाहेर ऐकू जाईल आणि बाहेरची मुले दारातून डोकावतील, हे गृहीत धरावे लागेल.

शाळेने पुढील वर्षासाठी याच लेखिकेला पुन्हा बोलावले आहे. निमंत्रणपत्रात वाचनाची वेळ तीन वर्गांसाठी वेगवेगळी दिलेली आहे, पालकसभा दुपारी आहे आणि पुस्तके ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खेळगटात पोहोचावीत अशी विनंती आहे. चित्रकर्तीलाही निमंत्रण जावे असे शिक्षिकांनी सुचवले आहे. तिच्या प्रवासखर्चाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. प्रकाशकाने अर्धा वाटा उचलण्याची तयारी दाखवली आहे, पण चित्रीकरणाची संमतीपत्रे या वेळी शाळेने आधीच भरून घ्यावीत अशी त्याची अट आहे, आणि शिक्षिकांचा त्याला अजून होकार नाही.